न संपणाऱ्या युद्धातली स्थानबद्धता : पकडलेला माणूस शत्रूच आहे, हे कोणी ठरवायचे?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. राष्ट्रीय सुरक्षा आणि नागरी स्वातंत्र्य या घटकासाठी यंदा वर्गात ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने केलेल्या स्थानबद्धतांचे उदाहरण घेतले आहे. वाचन बरेच झाले, तरी एका जागी मला स्वतःलाच समाधानकारक उत्तर सापडत नाही आणि विद्यार्थी नेमके तेथेच बोट ठेवतात, म्हणून हा धागा.

युद्धाचा जुना नियम समजायला सोपा आहे. रणांगणावर हाती लागलेल्या शत्रुसैनिकाला लढाई संपेपर्यंत अडकवून ठेवता येते. ही शिक्षा नसते, त्यामुळे खटलाही भरावा लागत नाही. त्याने पुन्हा शस्त्र उचलू नये एवढाच हेतू असतो. प्रत्यक्ष लढाई थांबली की त्याला विनाविलंब मायदेशी पाठवावे, असे तिसऱ्या जिनिव्हा कराराचे ११८वे कलम सांगते. दुसऱ्या बाजूला फौजदारी कायदा आहे. तेथे संशयिताला न्यायाधीशापुढे उभे करावे लागते, आरोपपत्र द्यावे लागते आणि पुरावा टिकला नाही तर त्याला सोडावे लागते.

अमेरिकेच्या तत्कालीन सरकारने या दोन्ही चौकटींतले आपल्या सोयीचे तेवढे उचलले, असे मला दिसते. हे युद्ध आहे म्हणून खटला भरायचा नाही. आणि पकडलेले लोक कोणा देशाच्या गणवेशातले सैनिक नाहीत म्हणून त्यांना युद्धकैद्याचा दर्जाही द्यायचा नाही. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ७ फेब्रुवारी २००२ रोजी तसा लेखी निर्णयच दिला. मधल्या रिकाम्या जागेत ‘शत्रू लढवय्या’ असा एक वर्ग उभा राहिला आणि क्यूबातल्या ग्वांटानामो येथील अमेरिकी नौदल तळावर मिळून सुमारे ७८० माणसे त्या वर्गात मोडली.

माझे प्रश्न असे आहेत. अशा स्थानबद्धतेला कायद्याचा नेमका आधार कोणता मानला गेला? ज्या युद्धात तह कोणाशी करायचा हेच ठाऊक नाही, ते संपले असे केव्हा म्हणायचे? आणि सरकार म्हणते म्हणून एखाद्याला शत्रू मानायचे, की न्यायालयाने त्या म्हणण्याच्या मुळाशी जायचे? भावनेच्या भरात एखादा पक्ष घेणे सोपे आहे, म्हणून जाणकारांनी निकाल आणि घटना यांच्या आधारे लिहावे, ही विनंती.

तळटीप

आपल्या तीन प्रश्नांपैकी तिसरा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि पहिल्याचे उत्तरही त्यातूनच निघते. कायद्याचा आधार म्हणून सरकारने दोन गोष्टी पुढे केल्या. पहिली, सेनादलांचा सरसेनापती या नात्याने राष्ट्राध्यक्षाला घटनेने दिलेले अधिकार. दुसरी, १८ सप्टेंबर २००१ रोजी सही झालेला काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा ठराव, ज्याने हल्ल्यांना जबाबदार असलेली राष्ट्रे, संघटना आणि व्यक्ती यांच्याविरुद्ध आवश्यक ते सर्व बळ वापरण्याची मुभा दिली. त्या ठरावात स्थानबद्धतेचा उल्लेखही नाही. उलट १९७१च्या एका कायद्याने सांगून ठेवले होते की, काँग्रेसने केलेल्या कायद्याखेरीज कोणत्याही अमेरिकी नागरिकाला डांबून ठेवता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत नेऊन ठेवले होते आणि त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. तो अन्याय पुन्हा घडू नये या जाणिवेतून १९७१चा कायदा आला होता.

या दोहोंची टक्कर यासेर हॅमदीच्या प्रकरणात झाली. त्याचा जन्म १९८० साली लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज येथे झाला आणि तो लहानाचा मोठा सौदी अरेबियात झाला. २००१च्या अखेरीस अफगाणिस्तानात नॉर्दर्न अलायन्स या तालिबानविरोधी आघाडीने त्याला पकडून अमेरिकेच्या स्वाधीन केले. ग्वांटानामोला नेल्यावर तो अमेरिकेचा नागरिक असल्याचे लक्षात आले, तेव्हा त्याची रवानगी नॉरफोकच्या आणि पुढे चार्ल्सटनच्या नौदल तुरुंगात झाली. सुमारे दोन वर्षे त्याला वकील भेटू दिला नाही. सरकारचे म्हणणे असे की, तो तालिबानच्या तुकडीत होता आणि शरण येताना त्याच्या हाती कलाश्निकोव्ह होती. वडिलांचे म्हणणे असे की, मुलगा मदतकार्यासाठी गेला होता, हल्ल्यांच्या जेमतेम दोन महिने आधी तेथे पोहोचला होता आणि इतक्या थोड्या काळात त्याला लष्करी शिक्षण मिळणेही शक्य नव्हते.

या दोन कथनांतले खरे कोणते? न्यायालयापुढे पुरावा म्हणून आले ते संरक्षण खात्यातले एक सल्लागार मायकेल मॉब्ज यांचे निवेदन. दोन पाने, नऊ परिच्छेद. मॉब्ज रणांगणावर नव्हते, हॅमदीला त्यांनी पकडले नव्हते आणि त्याची चौकशीही केली नव्हती. कागदपत्रे वाचून त्यांनी ती माहिती लिहिली होती. जिल्हा न्यायाधीश रॉबर्ट डूमार यांनी हे निवेदन परिच्छेदागणिक तपासले. चौकशी कोणी केली, हॅमदी नेमके काय बोलला, त्याच्या जबाबाच्या मूळ नोंदी कोठे आहेत, हे सर्व त्यांनी मागितले. वरच्या न्यायालयाने मात्र जानेवारी २००३ मध्ये त्यांना थांबवले आणि तेवढे निवेदन पुरेसे ठरवले.

२८ जून २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी चौघांच्या वतीने लिहिलेल्या मतात सरकारला अर्धे दान दिले. काँग्रेसच्या ठरावात बळ वापरण्याची मुभा आहे, पकडलेल्याला धरून ठेवणे हा बळाच्या वापराचाच भाग आहे, म्हणून स्थानबद्धतेला आधार आहे, असे त्या म्हणाल्या. परंतु ज्याला धरले आहे त्याला आपल्यावरील आरोपाचा आधार कळला पाहिजे आणि तटस्थ निर्णायकापुढे तो खोडून काढण्याची खरी संधी मिळाली पाहिजे. नागरिकांच्या हक्कांच्या बाबतीत युद्धस्थिती म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या हाती दिलेला कोरा धनादेश नव्हे, असेही त्यांनी लिहिले.

यानंतर जे घडले ते विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. न्यायालयाने सांगितलेली ती सुनावणी कधी झालीच नाही. निकालाला चार महिने होण्याच्या आत, ऑक्टोबर २००४ मध्ये, नागरिकत्व सोडण्याच्या आणि प्रवासावरील बंधने पाळण्याच्या अटीवर हॅमदीला सौदी अरेबियात सोडून देण्यात आले. जो माणूस वकिलाला भेटला तरी देशाला धोका होईल असे जवळजवळ दोन वर्षे सांगितले गेले, त्याच्याविरुद्धचा पुरावा तटस्थ माणसापुढे मांडण्याची वेळ येताच तो मुक्त झाला. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. स्थानबद्धतेचा अधिकार असावा की नसावा हा वाद मोठा खरा, पण हॅमदीच्या बाबतीत त्याहून साधा प्रश्न अखेरपर्यंत अनुत्तरित राहिला : तो लढत होता की नव्हता?

सह्यकडा

मी लष्करातून निवृत्त झालो आहे आणि दहशतवादविरोधी मोहिमांत काम केले आहे, त्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडतो. तळटीप यांनी दिलेली माहिती अचूक आहे, पण तिच्यातून सैनिकाकडे पाहण्याची जी अपेक्षा डोकावते तिच्याशी मी सहमत नाही. गोळीबार चालू असताना पंचनामा होत नाही. माणूस कोणत्या घरातून बाहेर आला, त्याच्या हाती काय होते, शेजारी कोण होते, हे पकडणाऱ्या जवानाला ठाऊक असते. पण तो जवान पुढच्या आठवड्यात दुसऱ्या चौकीवर असतो, कदाचित हयातही नसतो. फौजदारी खटल्यात लागतो तसा पुरावा मागितला तर खऱ्या लढवय्यांनाही सोडावे लागेल, आणि त्याची किंमत इतरांना मोजावी लागते. अब्दुल्ला मेहसूद हा ग्वांटानामोतून २००४ साली सुटला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पाकिस्तानात दोन चिनी अभियंत्यांच्या अपहरणामागे त्याचा हात निघाला. अशी उदाहरणे मोजकी असली तरी ती चर्चेतून वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मात्र याच कारणाने मला अमेरिकेच्या २००२च्या धोरणाचा राग येतो, कारण लष्कराकडे याचे उत्तर आधीपासून होते. पकडलेल्याच्या दर्जाबद्दल शंका असेल तर सक्षम न्यायाधिकरणाने तो ठरवावा, असे तिसऱ्या जिनिव्हा कराराचे पाचवे कलम सांगते. तीन अधिकारी बसतात, कैद्याचे म्हणणे ऐकतात, जवळपासचे साक्षीदार मिळाले तर बोलावतात आणि तेथल्या तेथे निर्णय देतात. १९९१च्या आखाती युद्धात अमेरिकी सैन्याने अशा सुमारे १,२०० सुनावण्या घेतल्या आणि त्यांत जवळजवळ तीन चतुर्थांश लोक विस्थापित नागरिक ठरले. हा आकडा कोणत्याही लष्करी अधिकाऱ्याला विचार करायला लावणारा आहे. शिस्तबद्ध सैन्याने, उघड्या वाळवंटात, गणवेशातल्या शत्रूशी लढताना ज्यांच्याबद्दल शंका आली, त्यांतले बहुसंख्य सैनिक नव्हते. मग अफगाणिस्तानात, जेथे गणवेश नाही, भाषा कळत नाही आणि माणसे बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणी पकडून आणून दिलेली, तेथे चुका किती झाल्या असतील?

२००२ साली या सुनावण्या घेतल्याच नाहीत. राष्ट्राध्यक्षांनी सर्वांचा दर्जा एका सहीने ठरवून टाकला, त्यामुळे शंका उरलीच नाही असे धरले गेले. साक्षीदार पंधरा-वीस मैलांवर होते तेव्हा विचारले नाही आणि समुद्रापार नेल्यावर दोन-अडीच वर्षांनी विचारायला सुरुवात केली. माझे मत विचाराल तर न्यायालयाने युद्धात पहिल्या दिवसापासून शिरावे असे मला वाटत नाही. पण लष्कराने आपले स्वतःचे नियम पाळले असते तर न्यायालयाला शिरावेही लागले नसते.

शारदा

सह्यकडा यांच्या प्रतिसादाला जोडून, त्या उशिरा सुरू झालेल्या विचारणेचे स्वरूप जरा जवळून पाहावे. मी बरीच वर्षे अमेरिकेत राहते आणि या प्रकरणांची न्यायालयीन कागदपत्रे आवडीने वाचत आले आहे.

हॅमदी निकालानंतर जुलै २००४ मध्ये संरक्षण खात्याने ग्वांटानामोत दर्जा तपासणारी न्यायाधिकरणे नेमली. तीन लष्करी अधिकारी असत. कैद्याला वकील मिळत नसे, गुप्त पुरावा त्याला दाखवत नसत आणि सरकारी माहिती खरी आहे असे गृहीत धरूनच काम सुरू होई. मुस्तफा ऐत इदिर हा बॉस्नियात राहणारा मूळचा अल्जीरियन. बॉस्नियात असताना अल-कायदाच्या एका ज्ञात हस्तकाशी त्याचे संबंध होते, असा आरोप त्याला वाचून दाखवला गेला. त्याने त्या माणसाचे नाव विचारले. न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांनी आपल्याला ते ठाऊक नसल्याचे सांगितले. मग मी याचे उत्तर कसे देऊ, असे इदिरने विचारले. कदाचित तो माझा मित्र असेल, कदाचित माझ्याबरोबर काम करणारा कोणी असेल, नाव कळले तर ओळखतो की नाही ते सांगता येईल, असे त्याने समजावण्याचा प्रयत्न केला. तरी नाव काही मिळाले नाही आणि तो शत्रू लढवय्या ठरला. जानेवारी २००५ मध्ये न्यायाधीश जॉइस हेन्स ग्रीन यांनी या सुनावणीचा संवाद आपल्या निकालपत्रात उतरवला आणि ही पद्धत न्याय्य प्रक्रियेच्या कसोटीला उतरत नाही असे ठरवले.

इदिर एकटा नव्हता. साराजेव्होतल्या अमेरिकी दूतावासावर हल्ल्याचा कट केल्याच्या संशयावरून ऑक्टोबर २००१ मध्ये बॉस्नियाने सहा जणांना पकडले होते. तपास झाला, काही निष्पन्न झाले नाही आणि जानेवारी २००२ मध्ये तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका करण्याचा आदेश दिला. तुरुंगाबाहेर पडताच त्यांना अमेरिकेच्या ताब्यात देण्यात आले. रणांगण येथे कोठेच नव्हते. एका स्वतंत्र देशाच्या न्यायालयाने सोडलेली माणसे ही. त्यांतल्याच लख्दर बूमेदियनच्या नावाने १२ जून २००८चा प्रसिद्ध निकाल झाला. दरम्यान काँग्रेसने दोन कायदे करून ग्वांटानामोच्या कैद्यांचा हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाचा (कैद कायदेशीर आहे काय हे न्यायालयाकडून तपासून घेण्याचा) मार्ग बंद करून टाकला होता. न्यायमूर्ती केनेडी यांनी पाच विरुद्ध चार अशा बहुमताने तो पुन्हा उघडला. बंड किंवा आक्रमण यांखेरीज हा हक्क स्थगित करता येत नाही, असे घटना म्हणते. आणि क्यूबाकडून १९०३ साली भाड्याने घेतलेल्या जमिनीवर तळ उभारला म्हणून सरकारला घटनेपासून सुटका मिळत नाही, हा त्या निकालाचा गाभा.

मग प्रत्यक्ष पुरावा उघडला गेला. न्यायाधीश रिचर्ड लिऑन हे बुश यांनीच नेमलेले आणि आधी सरकारच्या बाजूने निकाल दिलेले न्यायाधीश. नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांनी सहापैकी पाच जणांना सोडण्याचा आदेश दिला. दूतावासावरील कटाचा आरोप सरकारने सुनावणीच्या आधीच सोडून दिला होता. हे लोक अफगाणिस्तानात लढायला जाणार होते, हा उरलेला आरोप एका गुप्त दस्तऐवजातल्या एकाच अनामिक स्रोतावर उभा होता. इतक्या बारीक काडीवर कोणाला शत्रू ठरवता येणार नाही, असे लिऑन यांनी लिहिले आणि या माणसांची सात वर्षे आधीच गेली आहेत म्हणून अपील करू नये, असे सरकारला कळकळीने सुचवले. सहाव्याबाबत मात्र पुरावा पुरेसा आहे असे त्यांनी ठरवले. हे मला मुद्दाम सांगायचे आहे, कारण न्यायालयात गेले की सगळेच सुटतात ही भीती त्यातून खोटी ठरते.

पुढची कथा इतकी समाधानाची नाही. अदनान लतीफ या येमेनी कैद्याला जुलै २०१०मध्ये जिल्हा न्यायालयाने सोडण्याचा आदेश दिला होता. सरकारी गुप्तवार्ता अहवाल बिनचूक तयार झाला असे मानूनच सुरुवात करावी, असा दंडक घालून वरच्या न्यायालयाने २०११ साली तो आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या जूनमध्ये प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि सप्टेंबरमध्ये लतीफ ग्वांटानामोतच मरण पावला. दार उघडे ठेवायचे, पण आत आलेल्याचे म्हणणे आधीच हलके मानायचे, असा तो काळ होता.

बखरकार

युद्धकाळातल्या स्थानबद्धतेचा आपल्याकडचा एक धागा येथे खरोखर जुळतो, म्हणून तेवढाच लिहितो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये गृहमंत्र्याला ‘सबळ कारण वाटल्यास’ कोणालाही स्थानबद्ध करता येत होते. कारण खरेच सबळ आहे की नाही हे न्यायालयाने पाहावे काय, या प्रश्नावर १९४१च्या लिव्हरसिज प्रकरणात तेथले तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या बहुमताने नाही असे उत्तर दिले. मंत्र्याला वाटले, एवढे पुरे. लॉर्ड ॲटकिन यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांचेच मत योग्य मानले. सुमारे दीड वर्षाने, १९४३च्या एप्रिलमध्ये, मुंबई इलाख्यातून आलेल्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात आपल्या फेडरल कोर्टाने, म्हणजे ब्रिटिश भारतातल्या वरिष्ठ न्यायालयाने, भारत संरक्षण नियमांतला स्थानबद्धतेचा २६वा नियमच अवैध ठरवला. कायद्याने ‘वाजवी संशय’ मागितला होता आणि नियमाने सरकारचे ‘समाधान’ पुरेसे मानले होते, म्हणून नियम कायद्याच्या बाहेर गेला, असे सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी ठरवले. महायुद्ध ऐन भरात होते, ‘चले जाव’ आंदोलनाला वर्षही झाले नव्हते, आणि निकाल देणारे सरन्यायाधीश इंग्रज होते. सरकारने लगोलग अध्यादेश काढून नियम पुन्हा उभा केला ही गोष्ट वेगळी. पण एका न्यायालयाने ऐन युद्धात प्रश्न विचारला, याची नोंद राहिली.

कृष्णाकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाशी, म्हणजे युद्ध केव्हा संपते या प्रश्नाशी, त्याहून जवळचे उदाहरण १९६२चे आहे. चीनशी लढाई महिनाभर चालली आणि २१ नोव्हेंबर १९६२ला शस्त्रसंधी झाली. २६ ऑक्टोबरला पुकारलेली आणीबाणी मात्र १० जानेवारी १९६८पर्यंत चालू होती आणि तिच्या आधारे स्थानबद्धताही होत राहिल्या. त्या काळात मुंबईच्या तुरुंगात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले. त्याचे हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवण्याची परवानगी राज्य सरकारने नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निर्णय दिला, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ साली तेथेही हरले. स्थानबद्धाचे स्वातंत्र्य कायद्याने जेवढे काढून घेतले आहे तेवढेच जाते, बाकीचे त्याच्याकडेच राहते, असा त्या निकालाचा आशय आहे. मूळ स्थानबद्धता योग्य होती काय, हे तपासण्याचा मार्ग राष्ट्रपतींच्या आदेशाने अडवलेला होता. तरी जेवढी फट उरली होती तेवढीतून न्यायालय आत गेले. पुढच्या आणीबाणीतल्या स्थानबद्धांविषयीच्या १९७६च्या एडीएम जबलपूर निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तीही फट बुजवली. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनंतर आता आणीबाणीतही अनुच्छेद २१ची, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची, अंमलबजावणी स्थगित करता येत नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सह्यकडा यांनी दिलेला १९९१चा आकडा मला ठाऊक नव्हता. तो वर्गात नक्की मांडीन. दोन गोष्टी अजून विचारतो. हॅमदी निकालात न्यायमूर्ती स्कॅलिया यांचे विरोधी मत सर्वांत कडक होते, असे वाचले. ते परंपरावादी न्यायाधीश असूनही सरकारच्या विरोधात कसे गेले? आणि अफगाणिस्तानातून सैन्य परतल्यावर ‘लढाई संपली, आता सोडा’ हा युक्तिवाद कोणी केला काय? त्याचे काय झाले?

तळटीप

स्कॅलिया यांची भूमिका त्यांच्या नेहमीच्या पद्धतीला धरूनच होती. घटना लिहिणाऱ्यांनी कार्यपालिकेच्या मर्जीतल्या कैदेची धास्ती घेतली होती, म्हणून नागरिकाच्या बाबतीत सरकारपुढे दोनच मार्ग उरतात, असे ते म्हणाले : त्याच्यावर देशद्रोहाचा किंवा अन्य गुन्ह्याचा खटला भरा, नाहीतर काँग्रेसकडून बंदी प्रत्यक्षीकरणाचा हक्क उघडपणे स्थगित करून घ्या. तिसरा मार्ग न्यायालयाने तयार करून देऊ नये. न्यायालयातले सर्वांत उदारमतवादी मानले जाणारे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी या मताला साथ दिली. मला हेच मत अधिक पटते, कारण हक्क स्थगित करायचा तर लोकप्रतिनिधींना मतदान करावे लागते आणि मतदारांना तोंड द्यावे लागते. ओ’कॉनर यांच्या मतातल्या तडजोडीत ही जबाबदारी कोणावरच येत नाही. खटल्याचा मार्ग अशक्य होता असेही दिसत नाही. होजे पडीया या नागरिकाला मे २००२ मध्ये शिकागोच्या विमानतळावर पकडले आणि किरणोत्सारी बाँबचा कट केला म्हणून साडेतीन वर्षे लष्करी तुरुंगात ठेवले. सर्वोच्च न्यायालय पुन्हा प्रकरण हाती घेण्याची शक्यता दिसू लागली, तेव्हा नोव्हेंबर २००५ मध्ये सरकारने त्याच्यावर साध्या फौजदारी न्यायालयात आरोप ठेवले. २००७ साली ज्यूरीने त्याला दोषी ठरवले आणि त्याला दीर्घ मुदतीची शिक्षा झाली. बाँबच्या कटाचा मात्र आरोपपत्रात उल्लेखही नव्हता. सह्यकडा यांची रणांगणावरची अडचण खरी आहे, पण ती शिकागोच्या विमानतळाला लागू होत नाही.

आता युद्धाच्या शेवटाविषयी. ओ’कॉनर यांनाही ही शंका आली होती. या संघर्षाची प्रत्यक्ष परिस्थिती ज्या जुन्या युद्धांवरून युद्धाचे नियम घडले त्यांहून अगदीच निराळी निघाली, तर लढाई संपेपर्यंत ठेवता येते ही समजूत कदाचित टिकणार नाही, असे त्यांनी लिहून ठेवले होते. जून २०१९मध्ये २००२पासून कैदेत असलेल्या मुआथ अल-अलवीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऐकली नाही, तेव्हा न्यायमूर्ती ब्रायर यांनी नकाराशी असहमती दाखवली नाही, परंतु एक स्वतंत्र टिपण जोडून ओ’कॉनर यांच्या त्या वाक्याची आठवण दिली आणि या प्रश्नाला सामोरे जाण्याची वेळ केव्हाच उलटून गेली आहे असे म्हटले.

आपण विचारता तो युक्तिवाद एका प्रकरणात काही अंशी यशस्वी झाला. असदुल्ला हारून गुल हा अफगाण २००७ साली पकडला गेला. तो हिज्ब-ए-इस्लामी या गटाचा होता. त्या गटाने २०१६ साली अफगाण सरकारशी तह केला, म्हणजे निदान त्या गटापुरते युद्ध कागदोपत्री संपले. सरकारचे म्हणणे असे होते की, गुलचा अल-कायदाशीही संबंध होता आणि अल-कायदाशी लढाई चालू आहे. वॉशिंग्टनचे जिल्हा न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन्ही भाग वेगळे करून तपासले, अल-कायदाच्या बाबतीत सरकारचा पुरावा कमी पडतो असे ठरवले आणि स्थानबद्धता बेकायदा असल्याचा निर्णय दिला. जून २०२२ मध्ये गुल मायदेशी परतला.

अल-कायदाशी संबंध असल्याचे ज्यांच्या बाबतीत न्यायालयाने मान्य केले, त्यांना सैन्य परतल्याचा उपयोग झालेला नाही. संघटनेविरुद्धची लढाई इतर देशांत चालू आहे, ही सरकारची भूमिका सैन्य परतल्यावरही बदलली नाही. जे बाहेर पडले ते बहुतेक न्यायालयाच्या आदेशाने नव्हे, तर सरकारांनी इतर देशांशी बोलणी करून पाठवल्यामुळे. जानेवारी २०२५ मध्ये ११ येमेनी कैद्यांना ओमानला पाठवल्यानंतर तळावर १५ जण उरले. त्यांतल्या काहींवर तोवर कोणताही आरोप ठेवलेला नव्हता.

वर्गासाठी एक सुचवतो. हॅमदीतले मॉब्ज यांचे निवेदन आणि मेहता यांचा निकाल, दोन्हींचा गोषवारा विद्यार्थ्यांपुढे शेजारी ठेवा आणि प्रत्येक आरोपापुढे एवढेच लिहायला सांगा की, हे कोणी पाहिले, कोणी सांगितले आणि सांगणाऱ्याला कोणी प्रश्न विचारले. मॉब्ज यांच्या बाबतीत तिसरा रकाना कोराच राहतो.